कुत्र्याचं माप घ्या, मग इलेक्ट्रिक गाडी बघायला निघा

सगळ्यात आधी एकच प्रश्न सोडवून घ्या: कुत्रा गाडीत बसणार कुठे? रेंज, चार्जिंग, किंमत, कर्जाचा हप्ता ही गणितं महत्त्वाची आहेतच, पण ती नंतरची. घरात लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा आपल्याकडचा कारवान असेल, तर पाच सीटांच्या गाडीतल्या दोन सीटा त्याच्या नावावर गेल्या असं धरून चाला. तीस किलोचा कुत्रा निवांत आडवा झाला की मागच्या सीटवर एका माणसाला जेमतेम टेकायला जागा उरते.

नवरा-बायको आणि कुत्रा एवढंच कुटुंब असेल तर जवळपास कुठलीही गाडी चालेल. सोबत एखादं मूल किंवा आजी असेल, तर मागची सीट ६०:४० अशी दोन भागांत दुमडणारी हवी. मोठा भाग कुत्र्याला, छोटा माणसाला. चौघं माणसं आणि एक मोठा कुत्रा, हे मात्र अवघड प्रकरण आहे. इथे कुत्र्याला डिकीत जावं लागतं आणि मग डिकी सामानाची राहत नाही, ती एका जिवंत प्राण्याची खोली होते. तिला उंची हवी, खेळती थंड हवा हवी, सपाट तळ हवा. आपल्या बाजारातल्या बहुतेक पाच सीटांच्या इलेक्ट्रिक गाड्या या तिन्ही कसोट्यांना एकदम उतरत नाहीत. म्हणून चौघांच्या कुटुंबाला माझा सल्ला सरळ आहे: सात सीटांची गाडी बघा आणि शेवटची रांग कायमची दुमडून ठेवा.

डिकी म्हणताना मी छतापर्यंत मोकळी, प्रवाशांच्या भागाला आतून जोडलेली डिकी धरतो आहे. सेडानच्या बंद डिकीत कुत्रा ठेवण्याचा विचार मनातही आणू नका. प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहनातून नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि बंद डिकीत तर प्रश्न वेदनेपुरताही उरत नाही.

टेप घेऊन शोरूममध्ये जा

घरी कुत्र्याला भिंतीला लागून उभं करा आणि तीन मापं घ्या. जमिनीपासून डोक्याच्या टोकापर्यंतची उंची, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, आणि तो कुशीवर पाय ताणून झोपतो तेव्हा व्यापतो ती रुंदी. जातीच्या पुस्तकातली उंची खांद्यापर्यंतची असते. लॅब्रॅडॉर खांद्यापाशी ५५ ते ६० सेंटिमीटर, जर्मन शेफर्डचा नर ६० ते ६५, कारवान ७० च्या आसपास, ग्रेट डेन ७५ च्या पुढे. डोकं त्याहून बरंच वर असतं आणि उभ्या कुत्र्याला मान खाली घालून तासभर काढता येत नाही. कुत्र्याला किमान बसता यावं, जागेवर वळता यावं आणि पाय लांब करून झोपता यावं. यातलं एकही जमत नसेल तर ती जागा त्याची नाही.

आता कंपन्यांच्या पत्रकातले लिटर. टाटा नेक्सॉन ईव्हीची डिकी ३५० लिटर, ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकची ४३३, टाटा कर्व्ह ईव्हीची ५००, एमजी विंडसरची ६०४, महिंद्रा एक्सईव्ही ९ईची ६६३. या आकड्यांवरून क्रम लावला तर शेवटची गाडी कुत्र्यासाठी सगळ्यात उत्तम ठरायला हवी. पण कर्व्ह आणि एक्सईव्ही ९ई यांचं छत मागे उतरतं आहे. कूपेसारखा हा आकार रस्त्यावर देखणा दिसतो, आणि सुटकेसा भरायला त्याने काहीच बिघडत नाही. उभ्या कुत्र्याच्या डोक्यावर मात्र नेमकी तीच उतरती काच येते, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या काचेतून ऊन थेट त्याच्या पाठीवर पडतं. लिटर हे घनफळाचं माप आहे. कुत्र्याला लागते उंची आणि तळाची लांबी-रुंदी. म्हणून डिकीच्या तळापासून छतापर्यंत आणि तळापासून मागच्या दाराच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंत, अशी दोन्ही मापं स्वतः घ्या. विक्रेत्याला जरा विचित्र वाटेल, वाटू द्या.

तळाकडेही नीट बघा. बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे मुळातच इलेक्ट्रिक म्हणून घडवलेल्या गाड्यांमध्ये मागच्या सीटपुढची जमीन सपाट मिळते. मधला उंचवटा नसल्याने कुत्रा पुढच्या आणि मागच्या सीटमधल्या जागेतही आरामात पसरू शकतो, आणि बऱ्याच कुत्र्यांना सीटपेक्षा तीच जागा आवडते. जी गाडी आधी पेट्रोलवर होती आणि मग तिचं इलेक्ट्रिक रूप आलं, तिच्यात हा सपाटपणा असेलच असं नाही. हात फिरवून बघा. मागची सीट दुमडल्यावर डिकीच्या तळाशी ती एका पातळीत येते की मध्ये पायरी राहते, तेही बघा. दहा सेंटिमीटरची पायरी माणसाला क्षुल्लक वाटते. चालत्या गाडीत तोल सांभाळणाऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना ती क्षुल्लक नसते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक विचारतात. घरगुती प्लगवर चालणारा पोर्टेबल चार्जर, त्याची जाड केबल, पंक्चरचं किट किंवा स्टेपनी, हे सगळं ठेवलं जातं कुठे? डिकीच्या तळाखाली असेल, तर हायवेवर पंक्चर झाल्यावर आधी कुत्रा उतरवायचा, गादी काढायची आणि मग स्टेपनी, अशी कसरत रहदारीच्या कडेला करावी लागेल. पुढच्या बॉनेटखाली छोटा कप्पा असलेली गाडी इथे उजवी ठरते. क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये तो २२ लिटरचा आहे, तेवढ्यात केबल मावते. केबल कुत्र्याच्या आवाक्याबाहेर राहणं हाही फायदाच, कारण वर्षाच्या आतलं पिल्लू ती चावल्याशिवाय सोडत नाही.

गाडी त्याच्या म्हातारपणासाठी घ्या

मोठ्या जातींचं आयुष्य साधारण दहा ते बारा वर्षांचं. आज बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी सर्रास मिळते आणि माणसं गाडी तितकी वर्षं वापरतात. म्हणजे आज दोन वर्षांचा असलेला तुमचा कुत्रा याच गाडीतून म्हातारा होणार. आठ-नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरला किंवा जर्मन शेफर्डला अनेकदा खुब्याचा त्रास सुरू झालेला असतो, कारण या दोन्ही जातींत तो दोष मुळातच जास्त आढळतो. आज एका उडीत आत जाणारा कुत्रा उद्या दाराशी उभा राहून तुमच्याकडे बघत राहील, आणि पस्तीस किलोचं ओझं दर वेळी उचलणं घरातल्या सगळ्यांना जमणार नाही. पशुवैद्याकडे जायची वेळ नेमकी तेव्हाच वारंवार येते.

डिकीच्या कडेची जमिनीपासूनची उंची हा माझ्या मते पूर्ण निवडीतला सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. एसयूव्ही उंच असते म्हणून आपल्याला आवडते. तळाला बॅटरी आल्यावर ती आणखी थोडी उंचावते. डिकीची कड ७० सेंटिमीटरवर असेल आणि तुम्ही १२० सेंटिमीटरची घडीची रॅम्प लावली, तर चढ जवळजवळ ३६ अंशांचा होतो. एवढ्या चढावर म्हातारा कुत्रा पाय टाकत नाही. १८० सेंटिमीटरची रॅम्प लावली तर तोच चढ २३ अंशांवर येतो. पण मग एवढी लांब रॅम्प गाडीत ठेवायची कुठे, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे एवढी जागा मिळते का, हे प्रश्न उभे राहतात. ज्यांचा कुत्रा सहा वर्षांच्या पुढे गेला आहे, त्यांनी उंच एसयूव्हीऐवजी बुटक्या, चौकोनी, मोठ्या दारांच्या गाडीकडे वळावं.

रॅम्प घेतलीच तर कुत्रा तरुण असतानाच तिची सवय लावा. दुखऱ्या पायांनी नवी गोष्ट शिकणं त्याला फार कठीण जातं.

बांधणं, आणि ड्रिल न मारणं

मोकळा कुत्रा गाडीत असू नये. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी जागेवर थांबली, तर आतला न बांधलेला कुत्रा तेवढ्याच वेगाने पुढे जातो. हा आघात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. पस्तीस किलोचा कुत्रा पुढे बसलेल्या माणसाच्या मानेवर आदळला तर दोघंही वाचणं मुश्कील. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावून ती सीटबेल्टला अडकवणं हा उपाय नाही, कारण ब्रेकच्या झटक्यात सगळा भार मानेवर येतो. छातीवरून जाणारा रुंद, जाड शिवणीचा हार्नेस हवा आणि त्याचा दोर इतका आखूड हवा की कुत्रा बसू-झोपू शकेल, पण दोन सीटांच्या मधून पुढे येऊ शकणार नाही. पुढच्या सीटवर तर कधीच नको. उघडणारी एअरबॅग माणसाच्या मापाने बेतलेली असते.

डिकीत ठेवायचा असेल तर मागच्या सीटच्या पाठीशी छतापर्यंत जाणारी लोखंडी जाळी किंवा भक्कम क्रेट लागतो. इथे इलेक्ट्रिक गाडीचा एक नियम कटाक्षाने पाळा: जाळी किंवा क्रेट बसवण्यासाठी तळाला ड्रिल मारू देऊ नका. गॅरेजवाला पेट्रोल गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं करत आलेलं काम सहज करायला घेईल, आणि त्या पत्र्याखाली शेकडो व्होल्टची बॅटरी किंवा तिच्या केबल असू शकतात. डिकीतले सामान बांधायचे हूक, लहान मुलांच्या सीटसाठी असलेले आयसोफिक्सची कडी आणि सीटबेल्ट, एवढ्यावर टिकणारीच व्यवस्था घ्या. गाडी बघताना हे हूक किती आहेत आणि ते नुसत्या प्लास्टिकमध्ये रोवलेले आहेत की बॉडीला पक्के आहेत, हे हलवून बघा. मागे जादा पंखा किंवा दिवा बसवण्यासाठी मूळ वायरिंग कापू देऊ नका. वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

उकाडा

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापून, जीभ बाहेर काढून शरीर थंड करतो आणि त्यासाठी त्याला आजूबाजूची हवा थंड लागते. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघाताची आणीबाणी. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या जातींना हे आणखी लवकर होतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी आणि अर्ध्या तासात वीसेक अंशांनी चढतं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने यात विशेष फरक पडत नाही.

या बाबतीत इलेक्ट्रिक गाडी कुत्र्यासाठी खरोखरच चांगली आहे. इंजिन चालू न ठेवता, धूर न सोडता एसी चालतो. निघण्याआधी मोबाइलवरून एसी सुरू करून गाडी थंड करता येते, आणि ती चार्जरला लावलेली असेल तर ही वीज बॅटरीतून जाणारही नाही. उभ्या गाडीत एसीला तासाला साधारण एक ते दोन युनिट लागतात. ४५ युनिटांच्या बॅटरीतून तासाला दोन ते चार-साडेचार टक्के गेले तर काही बिघडत नाही. गणपतीत कोकणात जाताना माणगावच्या कोंडीत दोन तास अडकलात तरी चाकं फिरत नसल्याने खर्च फक्त एसीचा होतो. मागे कुत्रा धापत असताना ही गोष्ट किती मोलाची आहे, ते त्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

पण थंड हवा कुत्र्यापर्यंत पोहोचते का? मागच्या प्रवाशांसाठी एसीचे झोत आहेत का, आणि कुठे आहेत, हे बघा. ते पुढच्या दोन सीटांच्या मधल्या पेटीत असतील, आणि तुम्ही कुत्र्यासाठी झोळीसारखं सीटकव्हर पुढच्या हेडरेस्टपासून मागच्या हेडरेस्टपर्यंत टांगलं, तर ते कव्हर नेमके हेच झोत झाकतं. पुढे बसलेल्यांना थंडी वाजत असते आणि मागे कुत्रा भिंतीआड उकडत असतो. मध्ये जाळीची खिडकी असलेलंच कव्हर घ्या. पाच सीटांच्या गाडीच्या डिकीत सहसा झोत नसतातच. सात सीटांच्या गाडीत मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसांसाठी ते दिलेले असतात आणि रांग दुमडली तरी हवा येतच राहते. सात सीटांचा माझा आग्रह मुख्यतः यासाठी आहे.

मोठ्या काचेच्या छताकडेही बघा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात काचेचं छत हवंच असेल, तर त्याला आतून पूर्ण झाकणारा पडदा आहे का, ते आधी बघा.

काही गाड्यांमध्ये मालक बाहेर गेल्यावरही एसी चालू ठेवण्याची खास सोय असते. टेस्लाने २०१९ मध्ये डॉग मोड आणला; त्यात आतलं तापमान मोठ्या स्क्रीनवर दिसतं आणि मालक लवकरच येणार असल्याची सूचना येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता येते. टेस्लाची मॉडेल वाय २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईत विक्रीला आली. इतर कंपन्याही वेगवेगळ्या नावांनी अशी सोय देऊ लागल्या आहेत. घ्यायच्या गाडीत ती असेल तर विक्रेत्यासमोर गाडी लॉक करून, चावी घेऊन दूर उभे राहा आणि अर्ध्या तासाने आतलं तापमान बघा. कित्येक गाड्यांत मोबाइलवरून लावलेला एसी ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतो, आणि बॅटरी कमी असली की तो चालू होतच नाही. ही सोय दुकानातून पाण्याची बाटली आणण्यापुरतीच वापरा. कुत्र्याला गाडीत ठेवून जेवायला बसू नका. एक फ्यूज उडाला किंवा मोबाइलचं नेटवर्क गेलं तर त्याला दार उघडता येत नाही.

ब्रेक आणि मळमळ

पेट्रोल गाडीत शांत झोपणारा कुत्रा इलेक्ट्रिक गाडीत लाळ गाळू लागला, उलटी करू लागला, अशी तक्रार ऐकू येते. याचं कारण बहुधा रीजनरेटिव्ह ब्रेकिंग हे असतं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्रासारखी चालते, वेग विजेत बदलून बॅटरीत परत जातो आणि गाडी ओढल्यासारखी मंद होते. गाडी चालवणाऱ्याला हे आधी कळलेलं असतं. मागे उभ्या कुत्र्याला ते कळत नाही. तो दर वेळी पुढे ढकलला जातो आणि पंजे रोवून तोल सावरत बसतो.

म्हणून ही पातळी कमी-जास्त करता येणारी आणि अगदी शून्यावर नेता येणारी गाडी घ्या. नेक्सॉन ईव्हीमध्ये शून्य ते तीन अशा पातळ्या स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलता येतात. अनेक गाड्यांत आता ही सोय आहे. कुत्रा सोबत असताना सर्वांत खालची पातळी ठेवा. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना थोडी वाढवा, पण पाय हळूहळू उचला. इलेक्ट्रिक गाडीचा पिकअप तत्काळ असतो, त्यामुळे इको मोडवरच चालवणं बरं. प्रवासाआधी तीन-चार तास भरपेट जेवण देऊ नका, आणि तरीही त्रास होत असेल तर पशुवैद्यांना विचारून औषध घ्या. माणसांच्या गोळ्या परस्पर देऊ नका.

रेंज आणि थांबे

कुत्र्याच्या वजनाने रेंज घटते का, असं बरेच जण विचारतात. दीड टनाच्या गाडीत पस्तीस किलोने पडणारा फरक जाणवण्याजोगा नसतो. फरक पडतो तो वेगाने, घाटाने आणि एसीने. पत्रकात छापलेली रेंज प्रयोगशाळेतली असते. टाटाने नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या गाडीची अधिकृत रेंज ४८९ किलोमीटर दिली आहे आणि प्रत्यक्षात सुमारे ३५० ते ३७५ मिळेल असं स्वतःच सांगितलं आहे. हायवेवर शंभरच्या वेगाने, एसी लावून जाताना त्याहूनही कमी धरा. कुत्रा सोबत असताना बॅटरी दहा-पंधरा टक्क्यांवर येईपर्यंत ताणू नका, कारण पुढचा चार्जर बंद निघाला तर एसी बंद करून वीज वाचवण्याचा मार्ग तुम्हाला उरत नाही. पुणे-कोल्हापूर हा सुमारे २३० किलोमीटरचा प्रवास एका दमात होईल इतकी प्रत्यक्षातली रेंज बहुतेक कुटुंबांना पुरते.

कुत्र्याला तसंही दोन-तीन तासांनी उतरवायला लागतं, त्यामुळे चार्जिंगचा थांबा त्याच्या सोयीचाच असतो. मात्र थांबा निवडताना चार्जर किती किलोवॅटचा आहे याबरोबर तिथे सावली आहे का, मातीची किंवा गवताची जागा आहे का आणि भटक्या कुत्र्यांची टोळी आहे का, हेही बघा. मे महिन्यातल्या दुपारी डांबर इतकं तापतं की पंजांची कातडी भाजते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याला तिथे उतरवू नका. घरातल्या एकाने चार्जिंगची गन लावावी आणि दुसऱ्याने कुत्रा धरावा. साखळी आणि केबल एकमेकांत गुंतू देऊ नयेत. फास्ट चार्जिंग सुरू असताना आत एसी पूर्ण क्षमतेने चालतो का, हे टेस्ट ड्राइव्हच्या दिवशीच एखाद्या चार्जरवर जाऊन तपासा.

महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या धोरणानुसार मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. वारंवार गावी जाणाऱ्यांनी हिशेबात ती धरावी.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

पांढऱ्या किंवा क्रीम रंगाच्या सीटा टाळा. सच्छिद्र, हवा खेळणाऱ्या सीटांच्या भोकांत केस अडकतात ते निघत नाहीत. पावसात भिजलेला कुत्रा आत आला तर विजेचा धक्का बसेल का, अशी भीती अनेकांना वाटते. बॅटरीचा डबा पूर्ण सीलबंद असतो. आयपी६७ दर्जाचा असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी पाणी आत जाऊ नये, अशी त्याची चाचणी होते. ओल्या कुत्र्याने त्याला काही होत नाही. सीटांखालची साधी वायरिंग आणि कार्पेट मात्र कुजतं, म्हणून खाली पाणी न झिरपणारं कव्हर हवंच. केबिनचा एअर फिल्टर कंपनी सांगते त्याहून लवकर बदला. मागच्या काचांची बटणं चालकाकडून बंद करता येतात ना, ते बघा. पंजा पडून काच खाली गेलेली चालत्या गाडीत लक्षात येत नाही. आपोआप बंद होणारं डिकीचं दार असेल तर मध्ये हात धरून ते थांबतं का, हे तपासा, कारण शेपटी नेहमी शेवटी आत जाते.

मग कोणती?

दोघं किंवा तिघं माणसं आणि एक लॅब्रॅडॉर, बजेट बेताचं, फिरणं मुख्यतः शहरात आणि शनिवार-रविवारी जवळपास, असं असेल तर मी एमजी विंडसर आधी बघायला सांगेन. ती मुळात इलेक्ट्रिकच आहे, तळ सपाट आहे, २,७०० मिलिमीटरच्या व्हीलबेसमुळे मागे पायांपाशी ऐसपैस जागा आहे आणि चढणं-उतरणं सोपं आहे. ३८ युनिटांची बॅटरी लांबच्या प्रवासाला अपुरी पडते. गावी नेहमी जाणाऱ्यांनी ५२.९ युनिटांची प्रो घ्यावी, तिची डिकी ५७९ लिटर म्हणजे किंचित लहान आहे.

चौघं आणि कुत्रा असतील तर किआची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही. मागच्या दोन्ही रांगांना छतातून थंड हवा मिळते आणि शेवटची रांग दुमडली की कुत्र्याला स्वतःची जागा होते. बजेट जास्त असेल तर बीवायडीची ईमॅक्स ७ किंवा महिंद्राची एक्सईव्ही ९एस याच पद्धतीने तपासा. टाटाची हॅरियर ईव्ही ताकदीची आणि भक्कम गाडी आहे, पण उंच आहे. कुत्रा तरुण असेल आणि रॅम्प ठेवायची तयारी असेल तरच घ्या. टाटाच्याच नेक्सॉन ईव्ही आणि पंच ईव्ही दोन माणसं व एक कुत्रा यांना पुरतात. कुत्रा डिकीतच बसणार असेल तर उतरत्या छताच्या गाड्या यादीतून काढून टाका.

शेवटचा निर्णय कुत्र्याला गाडीत बसवून घ्या. टेस्ट ड्राइव्ह घरी मागवता येते. संध्याकाळची, ऊन उतरल्यावरची वेळ मागा, स्वतःचं कव्हर अंथरा, हार्नेस लावा आणि किमान अर्धा तास खड्डे, सिग्नल, थोडा चढ अशा रस्त्यावर फिरा. एकाने फक्त कुत्र्याकडे बघत बसावं. तो आडवा होऊन झोपला तर गाडी त्याला मानवली. सतत उभा राहिला, धापत राहिला किंवा दारात अडला, तर बुकिंगचे पैसे भरू नका, दुसरी गाडी बघा.